हल्ला करणारं हेलिकॉप्टर: लढाईत एका जागी थांबावं की फिरतं राहावं?

चिखलीकर

मंडळी, इथे नौदलातले, फौजेतले आणि माझ्यासारखे नुसतेच गच्चीवर उभं राहून आकाशात बघणारे असे सगळेच आहेत म्हणून विचारतो. अमेरिकन अपाचे, आपलं 'प्रचंड', रशियन मी-३५ असली हल्ला करणारी हेलिकॉप्टरं लढाईत हवेत एका जागी उभी राहून म्हणजे हॉवर करून मारा करतात का पळता पळता? आणि त्यातलं बरोबर कुठलं?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. हेलिकॉप्टरची खरी गंमत थांबण्यातच आहे. पळत पळत बॉम्ब टाकायला विमानं आहेत, ती जास्त वेगात जातात आणि जास्त वजन नेतात. डोंगराआड नाहीतर झाडांआड लपून उभं राहायचं, हळूच वर यायचं, मिसाईल सोडायचं आणि परत खाली, हे विमानाला जन्मात जमणार नाही. मग एवढं महागाचं यंत्र घेऊन ते विमानासारखंच पळवायचं असेल तर घ्यायचं कशाला? भाचा म्हणतो, मामा तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीचं बोलताय. म्हणून हा धागा.

म्हापशाचा_शुक्रवार

थांबला तो संपला. धागा बंद करा.

तारवटी_वास्को

शुक्रवारबाब, हसण्यावारी नेलंत पण अर्धं उत्तर तेच आहे.

मी पायलट नव्हे, नौदलात उभं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलं, तेव्हा इंजिनाच्या बाजूने बोलतो. लोकांना वाटतं उभं राहणं म्हणजे आराम आणि पळणं म्हणजे कष्ट. हेलिकॉप्टरचं नेमकं उलटं. एका जागी उभं राहायला जेवढी पॉवर लागते त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पॉवरमध्ये ते साठ-सत्तर नॉटनी (तासाला ११०-१३० किलोमीटर) जातं, कारण पुढे सरकताना रोटरला, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांना, सारखी नवी, न ढवळलेली हवा मिळते. पंधरा-वीस नॉट ओलांडले की पायलटला ते बुडाखाली कळतं, मशीन आपण होऊन वर उचलायला लागतं. जमिनीलगत, म्हणजे साधारण रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, ग्राउंड इफेक्टची, म्हणजे खाली ढकललेल्या हवेला जमीन अडवते त्याची, मदत असते, पण झाडांच्या शेंड्यावरून डोकवायचं म्हटलं की ती गेली. टाक्या भरलेल्या, दोन्ही बाजूंना मिसाईलं लटकलेली आणि वर मे महिन्यातली दुपार, मग हॉवर करून हातात पॉवर उरते किती?

दुसरं म्हणजे दोनांतलं एक इंजिन गेलं तर जड मशीन उरलेल्या इंजिनावर पळत घरी येऊ शकतं, पण त्याच इंजिनावर उंचावर हॉवर धरेलच असं नाही. जो आधीच पळतोय त्याच्या हातात वेग आहे, जो उभा आहे त्याला तो आधी मिळवावा लागतो आणि मिळवायला पोटाखाली उंची पाहिजे.

तरी चिखलीकर, तुमचं म्हणणं मी पुरतं खोडत नाही. बाकीचं नंतर, जेवायला हाक आलीय.

पणजी_पायलट

तारवटीकाका रिस्पेक्ट, पण मी सिम्युलेटरवर रोज रात्री हेच करतो आणि हॉवर करणाराच जिंकतो. टेकडीमागे बसायचं, रोटरवरचं रडार फक्त वर काढायचं, टारगेट दिसली की दोन सेकंद पॉप-अप, फायर, खाली. पळत जाणारा सगळ्यांना दिसतो. उगाच हिरोगिरी.

म्हापशाचा_शुक्रवार

आणि मेल्यावर काय करतोस, री-स्टार्ट?

पणजी_पायलट

हो. तुम्ही नाही का करत 😀

इतिहासाचा_किडा

पायलटने जे सांगितलं ते गेममधलं असलं तरी हवेतून आलेलं नाही. त्याचा उगम पश्चिम जर्मनीत आहे. व्हिएतनाममध्ये १९६७ पासून कोब्रा हेलिकॉप्टरं उतरली तेव्हा ती सरळ सूर मारून रॉकेटं आणि मशीनगन चालवायची, थांबायचा प्रश्नच नव्हता. नंतर अमेरिकेला भीती होती ती सोव्हिएत रणगाड्यांची, पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सरहद्दीवरच्या फुल्दाच्या बाजूने शेकड्याने येतील अशी. त्यांच्याबरोबर शिल्का, म्हणजे चार नळ्यांची २३ मिमीची रडारवाली तोफ, आणि खांद्यावरची मिसाईलं. सूर मारला तर तिथेच संपलात. म्हणून जमिनीला चिकटून यायचं, झाडीमागे हॉवर करायचं आणि डोकावून टो मिसाईल मारायचं असं ठरलं. टो तारेवरचं मिसाईल, पल्ला ३,७५० मीटर, आणि ते लागेपर्यंत नेमबाजाला निशाण्यावर फुली धरून बसावं लागतं, लांबच्या निशाण्याला वीसेक सेकंद. तेवढा वेळ हेलिकॉप्टर उघड्यावर.

अपाचेवर हेलफायर मिसाईल आलं तेव्हा पल्ला ८ किलोमीटरच्या घरात गेला, आणि लेझर दुसऱ्या कोणी धरला तर मारणारा टेकडीमागून बाहेर यायचीही गरज नाही. लाँगबो रडारवाल्या अपाचेवरचं रडारचं हेलफायर तर सोडून विसरायचं. आपल्या हवाई दलाच्या २२ अपाचेंपैकी १२ ना ते रडार आहे.

तेव्हा भाच्याने चाळीस वर्षं म्हटलं ते हिशोबाने बरोबर आहे.

मालिनी_फोंडा

मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते, त्यामुळे तारवटीकाकांच्या पोस्टला पुरवणी जोडल्याशिवाय राहवत नाही.

रोटर म्हणजे हवा खाली ढकलणारं यंत्र. हवा विरळ झाली की तेवढंच वजन पेलायला तीच हवा जास्त वेगाने ढकलावी लागते, म्हणजे जास्त पॉवर, आणि नेमकं त्याच वेळी इंजिनाला पण विरळ हवा मिळाल्यामुळे त्याची पॉवर कमी झालेली. दोन्हीकडून मार. लेह साधारण ३,२५० मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, ५,००० मीटरवर साठच्या आसपास. त्यात ऊन वाढलं की अजून कमी. म्हणून "थांबावं की पळावं" हा प्रश्न समुद्रकाठच्या दाबोळीला विचारला तर एक उत्तर येईल आणि द्रासला विचारला तर बऱ्याचदा पर्यायच नसेल, भरलेलं हेलिकॉप्टर तिथे थांबूच शकत नाही, पळालं तरच हवेत राहतं.

चिखलीकर, तुमच्या मतात हा भाग कुठेच नाही. ताकद आहे ती थांबता येण्याची, पण ती सगळीकडे असते हे तुम्ही गृहीत धरलंत.

सत्तरीकर

मॅडम बारावीला असताना भेटायला पाहिजे होतात.

इतिहासाचा_किडा

मालिनीताईंच्या म्हणण्याला उदाहरण. मार्च २००२, अफगाणिस्तानात शाही-कोटचं खोरं, तळच अडीच हजार मीटरच्या वर. अमेरिकेची मोजकी अपाचे होती आणि तिथे झाडीमागे हॉवर वगैरे काही चालेना, मग पळत आणि सूर मारत गोळीबार केला. पहिल्याच दिवशी जवळपास सगळ्यांना गोळ्या लागल्या, पण पडलं एकही नाही आणि खाली अडकलेल्या पायदळाला तेवढाच आधार होता.

आणि आता सगळ्यात मोठं प्रकरण, ज्याच्यावर आजतागायत भांडणं चालू आहेत. २००३ चा इराक, २३-२४ मार्चची रात्र, कर्बलाजवळ. अमेरिकेच्या ११ व्या रेजिमेंटची तीसेक अपाचे इराकच्या मदिना डिव्हिजनच्या रणगाड्यांवर गेली. आधीच इंधनाचा घोळ, निघायला उशीर, आधी होणारा मारा आणि हेलिकॉप्टरं यांची वेळ जुळली नाही. वाटेत वस्ती. आणि मग शहराचे दिवे क्षणभर गेले नि परत आले, तो इशारा होता, आणि गच्च्यांवरून, अंगणांतून, झाडांखालून जे मिळेल त्याने वर गोळीबार सुरू झाला. रायफली, मशीनगन, विमानविरोधी तोफा, सगळं. एक पडलं, दोघे पायलट पकडले गेले (तीन आठवड्यांनी सुटले), आणि परत आलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाला भोकं. रणगाडे फारसे मारता आले नाहीत.

काही दिवसांतच १०१ व्या डिव्हिजनची अपाचे त्याच भागात गेली ती वेगळ्या पद्धतीने, तोफखाना आणि विमानं बरोबर घेऊन आणि न थांबता पळत मारा करत. शत्रूच्या गोळीने त्यातलं एकही पडलं नाही. तेव्हापासून "हॉवर करून लढायचे दिवस गेले" असं म्हणायची फॅशन आहे.

चिखलीकर

फॅशन का म्हणताय? तुमच्याच गोष्टीतून तेच निघतंय की.

तारवटी_वास्को

नाही निघत. नीट वाचा. त्या रात्री इतकं काय काय फिसकटलं होतं, आणि आपण दोष देतोय फक्त उभं राहण्याला. वस्तीवरून वाट, हातातून गेलेली वेळ, खालून गोळी मारणारे कुठे आहेत याचा पत्ता नाही. पळतानासुद्धा बरीच भोकं पडली त्यांना, जाता येता. माझ्या मते त्यातून निघतं ते एवढंच की जिथे तुमच्या पोटाखाली कोण आहे ते माहीत नाही तिथे उभं राहू नका. जर्मनीत झाडीमागे उभा राहणारा आपल्याच फौजेच्या डोक्यावर उभा असायचा, शत्रू समोर. कर्बलाला समोर, मागे, खाली सगळीकडे शत्रू. हॉवर तोच, जमीन वेगळी.

पणजी_पायलट

+१ काका. हेच तर मी म्हणत होतो.

मालिनी_फोंडा

पायलट, तू हे म्हणत नव्हतास 😀

लोलयेंकर

अवांतर होईल पण विचारतो, दाबोळीचा विषय निघालाच आहे तर, त्या नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरच्या आवाजाने मानकुराद आंबे पडतात का? आमच्या मामेबहिणीचं घर बोगमाळोच्या वाटेवर, ती शपथेवर सांगते की मशीन गेलं की चार-पाच पडतातच.

म्हापशाचा_शुक्रवार

पडतात तर पडू देत, म्हापशाच्या बाजारात सुरुवातीला डझनाचा भाव ऐकून माणूस पडतो त्याचं काय.

सत्तरीकर

मोपाचा नवा विमानतळ झाल्यावर तरी आवाज कमी होईल म्हणत होते सगळे. प्रवासी अर्धे तिकडे गेले, नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं इथेच राहिली.

तारवटी_वास्को

मिग कुठे जाणार बाबा, आयएनएस हंसा नौदलाचा तळ आहे, त्यात विमानतळ पाहुणा. आणि आता आवाज अजून वाढणार, पाणबुड्या शोधणाऱ्या रोमिओ हेलिकॉप्टरांचा दुसरा स्क्वाड्रन डिसेंबर २०२५ मध्ये हंसावर उभा राहिलाय, पहिला कोचीला.

आणि त्यावरून मूळ मुद्दा. आमच्या धंद्यात हॉवर हेच काम. सी किंगपासून रोमिओपर्यंत, समुद्रावर खाली येऊन उभं राहायचं, तारेने सोनार पाण्यात सोडायचा आणि ऐकत बसायचं. पळत पळत सोनार बुडवता येत नाही. रात्री, खाली काळं पाणी, क्षितिज नाही, नजरेला धरायला काही नाही, म्हणून ते ऑटोपायलटवर करतात. चालतं ते एवढ्यासाठीच की वर गोळी मारणारं सहसा कोणी नसतं. तरी ऐकून झालं की तार वर आणि उडी पुढच्या ठिकाणी. फार वेळ एका जागी कोणी बसत नाही. आणि खालून उडणारं खारं पाणी इंजिनात जातं ते वेगळंच, परत आल्यावर गोड्या पाण्याने कम्प्रेसर वॉश केल्याशिवाय आमची सुटका नसायची.

लोलयेंकर

आंब्याचं उत्तर मिळालं नाही.

कवड्या_खंड्या

पक्षी बघणारा आहे, हेलिकॉप्टरमधलं कळत नाही, पण दिवाडी-चोडणच्या खारफुटीत काळा-पांढरा खंड्या बघा. पाण्यावर दहा-पंधरा फुटांवर पंख फडफडवत एका जागी उभा राहतो. पण उभा राहतो ते बघायला. मारताना सरळ खाली पडतो, आणि चुकला तर तिथेच परत उभा न राहता थोडा पुढे सरकतो. मला वाटतं तुम्ही बघणं आणि मारणं एकाच टोपलीत टाकताय.

मालिनी_फोंडा

या प्रतिसादासाठी धागा वसूल.

इतिहासाचा_किडा

पक्षी सुंदर, पण माशाकडे स्ट्रेला (खांद्यावरून मारायचं विमानविरोधी मिसाईल) नसतं. तरी बघणं वेगळं आणि मारणं वेगळं हे खरंच पटलं, कारण हल्ली तेच वेगळं केलं जातंय. अपाचे-ई ड्रोनचं चित्र आत बसून बघू शकतं, ड्रोन पुढे जाऊन डोकावतो, हेलिकॉप्टर मागे खाली.

ढवळीकर_नव्हे_ढवळीचा

मी सैन्यातल्या सिग्नलमध्ये होतो. एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. रडारला हलणारी वस्तू आणि जमीन वेगळी करायला डॉप्लर लागतो, म्हणजे वस्तू रडारच्या दिशेने किंवा लांब किती वेगाने जातेय ते. टेकडीच्या उतारापुढे उभ्या हेलिकॉप्टरचं धड हलतच नाही, त्यामुळे ते जमिनीच्या कचऱ्यात मिसळून जातं. पळायला लागलं की लगेच ठळक. म्हणजे एका अर्थी थांबणं हेच लपणं. पण रोटर फिरतोय ना, पात्याची टोकं सेकंदाला दोनशे मीटरच्या वर जातात, आणि चांगलं रडार नेमकं तेच पकडतं. धड लपलं तरी पातं चुगली करतं. तेव्हा जुन्या रडारसमोर थांबणाऱ्याचा फायदा, नव्यासमोर तेवढा नाही.

उष्णतेवर जाणाऱ्या मिसाईलचं अजून निराळं. एक्झॉस्टची गरम हवा पळताना पसरून मागे राहते, उभं असलं की भोवतीच साचते, आणि खाली धूळ असेल तर मैलावरून दिसतं कोण कुठे उभंय ते. राजस्थानात हॉवर म्हणजे झेंडा लावून उभं राहणं.

सत्तरीकर

आमच्या वाळपईला जुलैत उभं केलं तर धूळ नाही, पण दिसणारही नाही काही 😀

पणजी_पायलट

बरं मग सगळे पळा म्हणताय तर रॉकेटं कशी लागणार? पळताना नेम धरता येतो का?

तारवटी_वास्को

उलटंच आहे रे. साधं अनगाइडेड रॉकेट हॉवरमधून सोडलं की नळीतून निघता निघता ते रोटरच्या खाली येणाऱ्या वाऱ्यात सापडतं आणि नाक हलतं. पुढे वेगात असलास की तो वारा मागे पडतो आणि रॉकेट सरळ जातं. रॉकेटवाल्याला वेग हवा, तारेच्या किंवा लेझरच्या मिसाईलवाल्याला स्थिरपणा हवा. म्हणून नुसतं "हेलिकॉप्टर" असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, आधी सांगा खाली काय लटकलंय.

आणि अजून एक, गेममध्ये पॉप-अप करून दाणकन खाली बसतोस ना, खऱ्या मशीनमध्ये तसं सरळ खाली घेतलं की ते स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसतं. व्होर्टेक्स रिंग म्हणतात. पुढचा वेग जवळपास नाही, पॉवर ओढलेली आणि उतरण्याचा वेग मिनिटाला तीनशे फुटांच्या वर गेला की धोका सुरू. मग जितकी पॉवर ओढशील तितकं खाली. सुटायचं तर पुढे नाहीतर बाजूला निघावं लागतं, आणि समोर ज्या झाडामागे लपलायस तेच झाड.

पणजी_पायलट

हे आमच्या सिममध्ये पण आहे, मीच बंद करून ठेवलंय सेटिंगमधून.

म्हापशाचा_शुक्रवार

😂😂 इथेच धाग्याचं उत्तर मिळालं.

द्रासची_वाट

इतका वेळ वाचत होतो. "पळालं की वाचलं" असा सूर लागलाय म्हणून लिहितो.

२८ मे १९९९. कारगिलच्या लढाईत तोलोलिंगवर हवाई दलाची रॉकेटं लावलेली मी-१७ गेली होती. हॉवर वगैरे काही नव्हतं, पळत मारा करूनच निघत होती. त्यातल्या एकावर फ्लेअर (उष्णतेवर जाणाऱ्या मिसाईलला चकवणारे जळते गोळे) नव्हते. स्टिंगर, म्हणजे खांद्यावरचं विमानविरोधी मिसाईल, नेमकं त्यालाच लागलं, चारही जण गेले. त्याच्यानंतर त्या उंचीवर सशस्त्र हेलिकॉप्टरं मारा करायला पाठवणं थांबवलं. आणि मी-२५, मी-३५ त्या उंचीवर उपयोगाचीच नव्हती. श्रीलंकेत १९८७ ला हीच मी-२५ कामाला आली होती, पण तिथली जमीन जवळपास समुद्रसपाटीची.

वेग हा चिलखत नाही. अरुंद खोरं, यायची वाट एक, जायची वाट एक, वरच्या कड्यावर बसलेल्याला तुम्ही खालून येताय ते दिसतंय. तिथे पळणारं हेलिकॉप्टर पण ठरलेल्या जागीच येणार. प्रचंड बनवायची ठिणगी तिथेच पडली असं म्हणतात ते खरं आहे, इतक्या उंचीवर हत्यारं घेऊन जाणारं मशीन तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

इतिहासाचा_किडा

+१. मी-२४ कुटुंबाबद्दल (मी-२५, मी-३५ त्यातलीच) एक भर. त्याला बाजूला जे आखूड पंख आहेत ते नुसते मिसाईलं टांगायला नाहीत, वेगात असताना एकूण वजनाचा पाव भागाच्या आसपास भार तेच उचलतात. पण हॉवरमध्ये तेच पंख रोटरच्या वाऱ्याला आडवे येतात. भरलेलं असलं की सरळ वर न जाता धावपट्टीवरून धावत उडायचं. म्हणजे रशियन लोकांनी थांबायचं नाही हे कारखान्यातच ठरवून टाकलं होतं.

चिखलीकर

मग कामोव्हचं काय? ते पण रशियनच की. आमच्यावरून जातं त्याला मागचा छोटा पंखा नाही, वर दोन रोटर एकमेकांवर, आणि पोटाखाली पत्रा उघडून फिरवतं.

तारवटी_वास्को

ते कामोव्ह-३१, तो पत्रा म्हणजे रडारचा अँटेना, हल्ल्याचं मशीन नव्हे. पण घराणं तेच. दोन रोटर उलटसुलट फिरतात म्हणून शेपटीच्या पंख्याची गरज नाही, आणि साध्या हेलिकॉप्टरला हॉवरमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास पॉवर त्या पंख्यालाच द्यावी लागते ती इथे वाचते. वारा आडवा असला तरी नाक फिरत नाही. जहाजाच्या हलत्या डेकवर उतरायला म्हणूनच बरं. हॉवर करायला कामोव्हसारखं मशीन नाही, हे मी अमेरिकन मशीनं बघूनसुद्धा म्हणेन, रोमिओवाल्या पोरांनी राग मानू नये.

इतिहासाचा_किडा

आणि त्याच घराण्यातलं हल्ल्याचं केए-५२ युक्रेनमध्ये काय करतंय बघा. २०२२ च्या सुरुवातीला आत घुसायचा प्रयत्न केला, खांद्यावरच्या मिसाईलांनी बरीच पाडली. मग दोन्ही बाजूंनी एक विचित्र प्रकार सुरू केला, जमिनीलगत वेगात यायचं, नाक वर करायचं, रॉकेटं लांबवर उधळायची आणि फ्लेअर सोडत मागे फिरायचं. नेम म्हणावा असा नाहीच, पण जिवंत परत.

आणि २०२३ च्या जूनमध्ये झापोरिझ्झियाकडे युक्रेनचे रणगाडे सुरुंगांत अडकले तेव्हा हीच केए-५२ मागे आठ-दहा किलोमीटरवर, आपल्याच फौजेच्या डोक्यावर, खाली राहून विख्र मिसाईल सोडत होती. विख्र लेझरच्या किरणावर बसून जातं, म्हणजे लागेपर्यंत नाक तिकडेच हवं. तेव्हा चिखलीकर, तुमचा हॉवर मेलेला नाही. पुढे तेवढ्या पल्ल्याची विमानविरोधी मिसाईलं कमी होती म्हणून जमलं. आणि गंमत बघा, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली बरीच उडत असताना नव्हे तर बर्द्यान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर जमिनीवर उभी असताना मारली गेली, लांब पल्ल्याच्या मिसाईलांनी.

म्हापशाचा_शुक्रवार

परत सांगतो, थांबला तो संपला.

ढवळीकर_नव्हे_ढवळीचा

जपानने तर २०२२ च्या डिसेंबरात सांगूनच टाकलं की हल्ल्याची हेलिकॉप्टरं हळूहळू काढून ड्रोन घेणार. आणि आपण मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडची ऑर्डर दिली, ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला. दोन्ही बरोबर असतील, त्यांच्या दारात समुद्र आहे आणि आपल्या दारात हिमालय. ५,००० मीटरवर ड्रोनलाही हवा तेवढीच विरळ.

द्रासची_वाट

ड्रोनवाल्यांचा धागा वेगळा काढा कृपया, इथे सुरू झाले तर शंभर प्रतिसाद होतील आणि हेलिकॉप्टर हरवेल.

चिखलीकर

नाही नाही, हेलिकॉप्टरवरच राहू. मग मला एवढंच सांगा, प्रचंडच्या पायलटने काय करावं? त्याच्याकडे २० मिमीची तोफ, ७० मिमी रॉकेटं, विमानं पाडायला मिस्ट्राल. रॉकेटं आणि तोफ म्हणजे काकांच्या हिशोबाने पळा. मग उंचावर हॉवर जमतो म्हणून एवढं कौतुक कशाला?

मालिनी_फोंडा

कारण जो उंचीवर हॉवर करू शकतो त्याच्याकडे शिल्लक पॉवर आहे. ती शिल्लक हॉवर करायलाच वापरली पाहिजे असं नाही. तीच वळताना, खोऱ्यातून एकदम वर उठताना, एक इंजिन दमलं तर, सगळीकडे कामाला येते. अरुंद दरीत जोरात वळलं की रोटरवरचा भार वाढतो, साठ अंशांच्या वळणात तर दुप्पट. ज्याच्याकडे शिल्लक नाही तो वळतानाच खाली बसतो. तेव्हा हॉवर सीलिंगचा (किती उंचीपर्यंत हॉवर जमतो त्याचा) आकडा म्हणजे "हा इथे उभा राहील" असं न वाचता "याच्याकडे इथे एवढं उरलंय" असं वाचा.

द्रासची_वाट

मॅडम, हे मला इतकी वर्षं कोणी असं सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

तारवटी_वास्को

मालिनीबाय बरोबर. आणि चिखलीकर, हेलिना मिसाईल बघा, आपलंच रणगाडे मारणारं नाग पण हेलिकॉप्टरवरून, पल्ला सात किलोमीटर, सोडण्याआधी निशाणा पकडतं आणि मग स्वतः जातं. २०२२ ला ध्रुव हेलिकॉप्टरवरून उंचावर चाचण्या झाल्यात. असलं मिसाईल असलं की निशाणा पकडेपर्यंतची काही सेकंदं संथ किंवा उभं, सुटलं की वळून पसार. विसावं सेकंद मोजत बसायला नको. म्हणजे तुमची डोकावण्याची कल्पना राहिली, फक्त तिचा वेळ आखडला.

चिखलीकर

म्हणजे मी जिंकलो?

तारवटी_वास्को

आखडत जिंकलात म्हणा. तरी दोन अटी. ज्या जागेवरून एकदा डोकं वर काढलं तिथून परत काढायचं नाही, पुढच्या वेळी शे-दोनशे मीटर सरकून दुसरीकडून. आणि मागे मोकळी वाट हवी, वारा शक्यतो नाकावर. पाठीत वारा घेऊन जड मशीन हॉवर करणारा मी तळावर सरावातसुद्धा बघितलाय, घाम फुटतो खाली उभ्या असलेल्याला.

पणजी_पायलट

आणि दोन हेलिकॉप्टरं असली की?

तारवटी_वास्को

दोन असतातच, एकटं सहसा कोणी जात नाही. एक उभं असेल तर दुसरं हलतं आणि त्याच्या पाठीकडे बघतं. कारण उभ्या मशीनमधले दोघेही त्या वेळी समोर बघत असतात, पुढचा निशाण्याकडे आणि मागचा झाडाच्या शेंड्याकडे. मागून येणारं कोणालाच दिसत नाही. तुझ्या गेममध्ये जोडीदार कोण असतो रे?

पणजी_पायलट

कॉम्प्युटर. आणि तो नेहमी माझ्याच बाजूला येऊन हॉवर करतो.

लोलयेंकर

कोणीतरी आंब्याचं सांगा हो.